ज्याच्या सल्ल्याने कारखाने बदलले, त्यालाच कंपनीने नारळ दिला: फ्रेडरिक टेलरची गोष्ट

कंपनीत बाहेरून सल्लागार येणार अशी कुणकुण लागली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. वरच्या मजल्यावर आशा आणि खालच्या मजल्यावर भीती. साहेबांना वाटतं, आता खर्च आटोक्यात येईल. कामगारांना वाटतं, आता माणसं कमी होणार. सल्लागार हातात वही घेऊन कारखान्यात फिरू लागला की मशीनवरचा माणूस आपोआप सावध होतो.

ही आशा आणि ही भीती दोन्ही सव्वाशे वर्षांच्या आसपास जुन्या आहेत. त्यांचा माग काढत गेलं तर आपण एका अमेरिकन इंजिनिअरपाशी येऊन पोहोचतो. त्याचं नाव फ्रेडरिक विन्स्लो टेलर. व्यवस्थापनाचा सल्ला देणं हाच आपला व्यवसाय, असं जाहीर करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. एमबीएच्या पहिल्याच वर्षात त्याचं नाव येतं, वैज्ञानिक व्यवस्थापनाचा जनक म्हणून. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि विषय संपतो. पण या माणसाचं आयुष्य त्या पाच मार्कांपेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे. त्याचे हिशेब बरोबर यायचे आणि तरीही माणसं त्याच्या विरोधात जायची. असं का व्हायचं, हे समजून घेणं आज सल्लागाराचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फायद्याचं आहे.

श्रीमंत घरातला मुलगा, कारखान्यातला उमेदवार

टेलरचा जन्म २० मार्च १८५६ रोजी फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये झाला. घर क्वेकर पंथाचं आणि चांगलं सधन. वडील वकील, आई गुलामगिरीविरोधी चळवळीत सक्रिय. लहानपणी कुटुंबाबरोबर त्याने तीन वर्षं युरोपात काढली. सगळ्या गोष्टी मोजून-मापून करण्याची त्याला लहानपणापासून सवय होती. खेळाचेही नियम काटेकोर हवेत असा त्याचा आग्रह असायचा. रात्री वाईट स्वप्नं पडायची तेव्हा त्याने त्याचाही अभ्यास केला. आपण उताणे झोपलो की स्वप्नं पडतात असा निष्कर्ष काढला आणि उताणं झोपताच येऊ नये म्हणून पट्ट्यांचं एक साधन बनवून ते अंगाला बांधून तो झोपू लागला.

वडिलांसारखं वकील व्हायचं ठरलेलं होतं. हार्वर्डची प्रवेश परीक्षा तो उत्तम गुणांनी पासही झाला. पण डोळ्यांचा त्रास वाढला आणि पुढचं शिक्षण सोडावं लागलं. १८७४ मध्ये हा मुलगा फिलाडेल्फियातल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाला. चार वर्षं त्याने पॅटर्न बनवण्याचं आणि मशीनिस्टचं काम शिकून घेतलं.

१८७८ मध्ये तो मिडव्हेल स्टील कंपनीत गेला. देशात मंदी होती, म्हणून साधा मजूर म्हणून लागला. तिथून तो झपाट्याने वर चढला. वेळ नोंदवणारा कारकून, मशीनिस्ट, लेथ विभागाचा मुकादम, मग फोरमन आणि तिशी गाठण्याआधीच मुख्य इंजिनिअर. या काळात नोकरी सांभाळून, बहुतेक घरीच अभ्यास करून त्याने १८८३ मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळवली. मध्येच १८८१ मध्ये क्लॅरेन्स क्लार्कबरोबर अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस दुहेरी स्पर्धाही जिंकली.

या प्रगतीत ओळखीचाही वाटा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. क्लार्क कुटुंबाची मिडव्हेलमध्ये मालकी होती आणि क्लॅरेन्स हा टेलरचा मेहुणा. तरीही टेलरने हातात लेथ धरून काम केलं होतं, अंगावर तेल-ग्रीस घेतलं होतं. खुर्चीत बसून सल्ला देणाऱ्यांपेक्षा तो वेगळा ठरला तो यामुळेच.

कामगार पाट्या का टाकतो?

मुकादम झाल्यावर टेलरची पहिली लढाई सुरू झाली. लेथवर काम करताना त्याने पाहिलं होतं की कामगार ठरवून सावकाश काम करतात. आपल्याकडे ज्याला पाट्या टाकणं म्हणतात, तेच. दिवसाला किती माल काढायचा हे कामगारांचं आपापसांत ठरलेलं असे. त्यापेक्षा जास्त काढणाऱ्याला बाकीचे वठणीवर आणत.

तेव्हाच्या मालकांचं यावर एकच उत्तर होतं, की कामगार आळशी आहे. टेलरनेही माणसाच्या अंगच्या आळसाकडे डोळेझाक केली नाही. पण खरं कारण त्याने वेगळंच शोधलं. मजुरी नगावर मिळायची. कामगाराने जोर लावून जास्त नग काढले की त्याची कमाई वाढायची. कमाई वाढली की मालक नगाचा दर कापायचा. म्हणजे दुप्पट काम करून पगार जवळपास तिथल्या तिथे. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस पुन्हा कशाला जीव तोडून काम करेल? तो आपला हिशेब अगदी बरोबर करत होता. चूक हिशेबाची पद्धत ठरवणाऱ्या व्यवस्थापनाची होती.

हे त्या काळात सांगणं सोपं नव्हतं. किती काम म्हणजे पुरेसं काम, हे मालकालाही माहीत नव्हतं. सगळा अंदाजाचा कारभार. कामाचं खरं ज्ञान कामगाराच्या हातात आणि डोक्यात, आणि ते ज्ञान लपवण्यातच त्याचं हित.

पण निदान अचूक करणाऱ्या टेलरने उपाय मात्र दांडगाईचा निवडला. त्याने नवी माणसं आणून त्यांना लेथ शिकवला, दर कापले, कामावरून काढलं. कामगारांनी मशीन मोडायला सुरुवात केली, तर त्याने मोडतोडीचा दंड लावला. मात्र दंडाचा पैसा कामगारांच्याच मदतनिधीत जाईल अशी सोय केली. हा संघर्ष तीनेक वर्षं चालला. त्याला धमक्या आल्या. तरी तो रात्री रेल्वेच्या रुळांच्या कडेने एकटाच चालत घरी जायचा. शेवटी उत्पादन वाढलं आणि टेलर जिंकला. पण दिवसभर ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांच्या चेहऱ्यावर सतत वैर पाहणं ही काही जगण्याची रीत नाही, हे त्याला तेव्हाच जाणवलं होतं. यातून सुटायचं तर कामाचं मोजमाप कुणालाही नाकारता येणार नाही इतकं पक्कं हवं, असं त्याने ठरवलं.

मग सुरू झाले प्रयोग. लोखंड कापताना हत्याराचा आकार कसा हवा, मशीनचा वेग किती, काप किती खोल? मिडव्हेलचे प्रमुख विल्यम सेलर्स यांच्या परवानगीने १८८० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम काही महिन्यांत संपेल असं वाटलं होतं. ते २६ वर्षं चाललं. सोबतच स्टॉपवॉच आलं. एखाद्या कामाचे छोटे-छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला लागणारा वेळ मोजायचा, अनावश्यक हालचाली गाळायच्या आणि मग त्या कामाची एकच उत्तम पद्धत ठरवायची. टेलरची सगळी विचारसरणी या चार पायऱ्यांत येते.

सल्लागाराचं दुकान उघडलं

१८९० मध्ये टेलरने मिडव्हेल सोडलं आणि तीन वर्षं एका कागद कंपनीच्या गिरण्या सांभाळल्या. १८९३ मध्ये त्याने फिलाडेल्फियात स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. आपण सल्लागार इंजिनिअर असून कारखान्याचं व्यवस्थापन आणि उत्पादनखर्च यांची घडी बसवून देतो, असं त्याने आपल्या कार्डावर छापलं होतं. आज हे वाचून काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा इंजिनिअर म्हणजे मशीन दुरुस्त करणारा. व्यवस्थापन हीसुद्धा दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, ही कल्पनाच नवी होती.

या काळातलं त्याचं एक काम आजही सांगण्यासारखं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्गमध्ये सायकलींसाठी लागणाऱ्या पोलादी गोळ्यांचा कारखाना होता. तिथे १२० मुली दिवसाचे साडेदहा तास बसून गोळ्या तपासायच्या. टेलरने पाहिलं की इतके तास लक्ष टिकत नाही, त्यातला बराच वेळ वाया जातो. त्याने कामाचे तास टप्प्याटप्प्याने साडेआठवर आणले, दर सव्वा तासाने दहा मिनिटांची सुट्टी दिली, तपासणीवर फेरतपासणी ठेवली. त्याने दिलेल्या आकड्यांनुसार शेवटी ३५ मुली तेच काम करू लागल्या. चुका कमी झाल्या आणि त्या मुलींची कमाई ८० ते १०० टक्क्यांनी वाढली.

तास कमी, विश्रांती जास्त, पगार जवळपास दुप्पट. कौतुक करावं असंच हे उदाहरण आहे. पण वजाबाकीही करून पाहा. १२० मधून ३५ गेल्या की ८५ उरतात. टेलरच्या लिखाणात या ८५ जणींचं पुढे काय झालं याला फारशी जागा नाही. त्यातल्या काही तर कामसू आणि प्रामाणिक होत्या, फक्त नजर तितकी चपळ नव्हती, हे तो स्वतःच सांगतो आणि पुढे जातो.

बेथलेहेम: फावडं, लोखंड आणि नारळ

१८९८ मध्ये टेलरला सर्वात मोठं काम मिळालं. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम पोलाद कंपनीने त्याला बोलावलं.

तिथल्या आवारात शेकडो मजूर फावड्याने माल भरत. प्रत्येकाचं फावडं त्याचं स्वतःचं, घरून आणलेलं. तेच फावडं बारीक कोळशालाही आणि जड खनिजालाही. कोळसा उचलताना फावड्यावर जेमतेम दीड किलो भरायचा, खनिज उचलताना १७ किलोंवर. टेलरने प्रयोग करून काढलं की एका खेपेला साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो वजन असेल तर माणूस दिवसभरात सर्वात जास्त माल हलवू शकतो. मग कंपनीने फावडी द्यायची ठरली, हलक्या मालाला मोठं आणि जड मालाला छोटं. टेलरच्या आकडेवारीनुसार ४०० ते ६०० माणसांचं काम १४० जण करू लागले आणि त्यांची रोजची कमाई १.१५ डॉलरवरून १.८८ डॉलरवर गेली. दोष माणसात शोधण्याआधी अवजारात शोधा, हा धडा या फावड्याने दिला.

याच ठिकाणी मॉन्सेल व्हाइट या सहकाऱ्याबरोबर त्याने हत्याराच्या पोलादावर उष्णतेची नवी प्रक्रिया शोधली. हत्यार लाल होईपर्यंत तापलं तरी त्याची धार टिकू लागली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या हायस्पीड स्टीलने तज्ज्ञांना थक्क केलं. जगभरच्या मशीन शॉपमध्ये त्यामुळे कामाचा वेग वाढला.

पण टेलरचं नाव ज्या गोष्टीमुळे गाजलं आणि बदनामही झालं, ती कच्च्या लोखंडाच्या कांबींची. सुमारे ४२ किलोंची एकेक कांब उचलून फळीवरून चढत जायचं आणि रेल्वेच्या वाघिणीत टाकायची. एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरच्या माणसांनी ४७.५ टनांचं लक्ष्य ठरवलं आणि एका मजुराने ते गाठलं. टेलरने पुस्तकात त्याला श्मिट हे नाव दिलं. त्याचं खरं नाव हेन्री नोल. काम जवळपास चौपट झालं, रोज १.१५ वरून १.८५ डॉलर झाला, म्हणजे साधारण ६० टक्क्यांनी वाढला.

या गोष्टीत तीन भानगडी आहेत. पहिली, ४७.५ हा आकडा आला कुठून? पुढे इतिहासकारांनी जुनी कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं की काही मजुरांना थोडा वेळ पूर्ण ताकदीनिशी काम करायला लावून, त्यावरून दिवसाचा हिशेब मांडून, विश्रांतीसाठी मोठी वजावट अंदाजाने केली होती. ज्याला विज्ञान म्हटलं, त्याच्या पोटात एक ढोबळ अंदाज बसलेला होता. दुसरी, हा वेग पेलणारी माणसं ७५ जणांच्या टोळीत आठात एक इतकीच होती, हे टेलरच लिहितो. तिसरी आणि सर्वात वाईट म्हणजे त्याने नोलचं केलेलं वर्णन. हे काम करणारा माणूस बुद्धीने बैलासारखा मंद असायला हवा, अशा अर्थाचं तो लिहून गेला. हाच नोल दिवसभर लोखंड वाहून झाल्यावर सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने स्वतःचं घर बांधत होता. हेही टेलरनेच नोंदवलेलं आहे. त्या दोन वाक्यांतली विसंगती मात्र त्याला दिसली नाही.

बेथलेहेममध्ये त्याचं आणि तिथल्या अधिकाऱ्यांचं पटेना. त्याची पद्धत साधी होती: मालकाने पूर्ण अधिकार द्यायचे, बाकीच्यांनी ऐकायचं. पण कंपनीत मालकाखेरीज इतरही असतात. मधल्या फळीतल्या साहेबांना आपली सत्ता जाताना दिसत होती. शिवाय गावात ज्यांची घरं आणि दुकानं होती त्यांना काळजी होती की मजूर कमी झाले तर घरं रिकामी पडतील, गिऱ्हाईक जाईल. खर्च कमी होत असतानाही विरोध वाढत गेला. १९०१ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी थोडक्या शब्दांचं पत्र पाठवून टेलरला नारळ दिला.

फी बंद, प्रचार सुरू

तेव्हा टेलर ४५ वर्षांचा होता. पेटंट आणि गुंतवणुकीतून त्याच्याकडे पुरेसा पैसा होता. त्याने ठरवलं, यापुढे पैशासाठी काम करायचं नाही. फिलाडेल्फियाच्या चेस्टनट हिल भागात त्याने घर केलं. त्याने आणि पत्नी लुईसने तीन अनाथ मुलं दत्तक घेतली. घरी लोक त्याची पद्धत समजून घ्यायला येत. तो त्यांना तासन्‌तास समजावून सांगायचा आणि मग शहरातले दोन कारखाने दाखवायला पाठवायचा.

प्रत्यक्ष काम त्याचे शिष्य करत होते. आज प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजर ज्याचा तक्ता वापरतो तो हेन्री गँट, गणिती कार्ल बार्थ, आणि पुढे वेगळी वाट धरणारे फ्रँक व लिलियन गिलब्रेथ, ही सगळी टेलरच्या वर्तुळातली माणसं. १९०६ मध्ये तो अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला.

घराघरात नाव पोहोचलं ते १९१० मध्ये. रेल्वे कंपन्यांना भाडं वाढवायचं होतं. वकील लुई ब्रँडाइस यांनी त्याला विरोध केला. भाडं वाढवण्याऐवजी वैज्ञानिक व्यवस्थापन आणा, असं त्यांचं म्हणणं. हे नावही तेव्हाच रूढ झालं. रेल्वे दिवसाला दहा लाख डॉलर वाचवू शकते, अशी साक्ष एका तज्ज्ञाने दिली आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पुढच्याच वर्षी टेलरचं वैज्ञानिक व्यवस्थापनाच्या तत्त्वांवरचं पुस्तक आलं आणि थोड्याच वर्षांत अनेक भाषांत पोहोचलं. क्रांतीनंतर रशियात लेनिननेसुद्धा या पद्धतीचा अभ्यास करा असं सांगितलं.

मागणी वाढली तसे झटपट सल्लागारही उगवले. टेलर सांगायचा की कारखान्याची घडी बदलायला दोन ते पाच वर्षं लागतात, घाई केली तर घात होईल. पण दोन-पाच वर्षं थांबायला कुणाला वेळ होता? लोकांनी त्याच्या पद्धतीतलं स्टॉपवॉच उचललं, बाकी सोडून दिलं.

वॉटरटाउनचा संप

मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन इथे अमेरिकन लष्कराचा तोफगाड्यांचा कारखाना होता. तिथे टेलर पद्धत आणण्याचं काम बार्थकडे होतं. मशीन शॉपमध्ये दोन वर्षं सावकाश काम करून बरे परिणाम मिळाले होते. मग ऑगस्ट १९११ मध्ये मोर्चा फाउंड्रीकडे वळला.

ओतकामासाठी साचे बनवणारे कामगार म्हणजे जुने कारागीर. वाळू किती ओली हवी, किती दाबायची, हे त्यांच्या बोटांना कळायचं. त्यांच्यापाठी स्टॉपवॉच घेऊन जो माणूस उभा राहिला, त्याला या कामाची फारशी माहिती नव्हती. कामगारांशी आधी कुणी बोललंही नव्हतं. ११ ऑगस्टला एका कामगाराने घड्याळाखाली काम करायला नकार दिला. त्याला काढलं आणि सगळे मोल्डर बाहेर पडले.

संप आठवडाभरच चालला. पण त्यांची तक्रार लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांचा राग कमी पगारावर नव्हता, बोनसमुळे कमाई वाढणारच होती. इतकी वर्षं इमानाने काम केल्यावर कुणीतरी घड्याळ घेऊन आपल्यावर पहारा ठेवावा, हा त्यांना अपमान वाटला. टेलरनेही नंतर सहकाऱ्यांना सांगितलं की फाउंड्रीत फार घाई झाली, कामगारांना विश्वासात घ्यायला हवं होतं. पण तोवर वेळ निघून गेली होती.

प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं. प्रतिनिधीगृहाने समिती नेमली. तिचे अध्यक्ष विल्यम विल्सन स्वतः एकेकाळचे खाणकामगार आणि कामगार संघटनेचे पुढारी. जानेवारी १९१२ मध्ये टेलरची अनेक दिवस साक्ष झाली. त्याने आपलं म्हणणं कधी नव्हे इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलं. स्टॉपवॉच, बोनस, तक्ते ही नुसती साधनं आहेत. खरी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंच्या मनात बदल. नफ्याच्या भाकरीचे तुकडे कसे वाटायचे यावर भांडण्याऐवजी दोघांनी मिळून भाकरी मोठी करायची. आणि मालकाने आपल्या मर्जीऐवजी मोजमापाचं ऐकायचं.

मग विल्सन यांनी नेमकं दुखणं पकडलं. पहिल्या प्रतीच्या माणसासाठी हे सगळं ठीक, पण जो पहिल्या प्रतीचा नाही त्याचं काय? प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या कामात पहिल्या प्रतीचा असतोच, फक्त काम करायची इच्छा हवी, असं टेलरचं उत्तर होतं. कागदावर ते बिनतोड होतं. पण एखाद्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाला त्याचं ते दुसरं काम शोधून कोण देणार, याचं उत्तर त्यात नव्हतं. मालकाने मोजमापाचा गैरवापर केला तर त्याला कोण अडवणार, याचंही नव्हतं.

मार्च १९१५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने लष्कराच्या खर्चाच्या कायद्यात अट घातली की सरकारी शस्त्रकारखान्यांत स्टॉपवॉच आणि त्यावर आधारित बोनस चालणार नाही. त्याच महिन्यात, २१ मार्चला, ५९ वा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला असताना टेलर न्यूमोनियाने गेला. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली. त्याच वर्षी प्राध्यापक रॉबर्ट हॉक्सी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही पद्धत वापरणारे ३५ कारखाने त्यांनी पाहिले होते. टेलर सांगतो ते तत्त्व आणि कारखान्यात चालतो तो व्यवहार यांत मोठी दरी आहे, असं त्यांना आढळलं.

तेच भांडण, मुंबईच्या गिरणीत

हा प्रश्न अमेरिकेपुरता राहिला नाही. १९२० च्या दशकात जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. काही गिरण्यांनी कार्यक्षमतेची योजना आणली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, सूतखात्यातही एकाने जास्त काम बघायचं. मजुरी थोडी वाढेल, माणसं कमी लागतील. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगाव जवळपास सहा महिने थंड पडलं. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे नेते त्यात होते. तिथेही मालकांचा हिशेब कागदावर बरोबर होता. कामगारांचा प्रश्न साधा होता: तिसरा माग मी घेतला, तर तो आज चालवणारा माझा शेजारी कुठे जाणार?

आजच्या सल्लागाराने काय घ्यावं?

टेलरला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. कामगाराला विश्रांती द्या, योग्य अवजार द्या, शिकवा, आणि काम वाढलं म्हणून दर कापू नका, हे त्याच्या काळातले फार थोडे इंजिनिअर सांगत होते. आज आपण वापरतो त्या कामाच्या प्रमाणित पद्धती, प्रशिक्षण, नियोजन विभाग यांच्या मुळाशी तो आहे. त्याच्या आयुष्यातून सल्लागाराला थेट उपयोगी पडतील अशा चार गोष्टी निघतात.

पहिली, काम जिथे होतं तिथे जाऊन उभं राहा. फावड्याचा दोष ऑफिसात बसून कधीच सापडला नसता.

दुसरी, माणूस हळू काम करत असेल तर आधी त्याचा हिशेब समजून घ्या. विक्री विभाग आकडे दडवतो, शाखा आपलं टार्गेट कमी सांगते, यामागे बहुतेक वेळा मिडव्हेलचंच कारण असतं. आज जास्त केलं की उद्या तेच कमीत कमी ठरतं.

तिसरी, अंदाजाला मोजमाप म्हणू नका. ४७.५ या आकड्यात अर्धा टनसुद्धा दिसतो, म्हणून तो अचूक वाटतो. अहवालातल्या प्रत्येक आकड्यात मोजलेलं किती आणि धरून चाललेलं किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा.

चौथी गोष्ट सर्वात अवघड, आणि टेलरला तीच जमली नाही. कामाचं ज्ञान ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून ते काढून घेऊन वर नेलं, तर ते ज्ञान त्याच्याविरुद्ध वापरलं जाईल अशी भीती त्याला वाटणारच. ती भीती खोटी आहे असं सांगून जात नाही. वाचलेल्या पैशातला किती वाटा कुणाला, जास्तीच्या माणसांचं काय, दर कापणार नाही याची हमी कोण देणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवावं लागतं आणि ज्यांचं काम मोजायचं त्यांना त्या बैठकीत बसवावं लागतं.

वॉटरटाउनच्या मशीन शॉपमध्ये दोन वर्षं धीराने जे जमलं, ते फाउंड्रीत एका दिवसात बिघडलं. घड्याळ दोन्हीकडे होतं. फाउंड्रीत मात्र साचे बनवणाऱ्यांशी आधी कुणी बोललं नव्हतं.